लाखोरीची दार

पुस्तकले,

परवा तुझी तेरवी झाली. आज सकाळी तुझ्या खोलीचं कुलूप काढून मी तुझ्याच टेबलाशी बसले आहे. तुझा चष्मा अजून इथंच पडला आहे. घालून पाहिला, सगळं धूसर दिसलं. म्हटलं, ठीकच आहे. पन्नासावर वर्षं आपल्या दोघींचं हेच तर चाललं. तुला जे दिसायचं ते मला दिसत नसे, आणि मी मात्र सगळं दिसून राहिलं असा चेहरा करून बसत असे.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. कुठं शिकलीस, कुठं शिकवलंस, कधी निवृत्त झालीस. चूक एकही नव्हती. वाचून तुझ्या भावानं पेपरची घडी केली आणि मला विचारलं, "हे कोनाबद्दल लिहिलं हाये वो?" म्हणून मी लिहायला बसले. माझं लिहिणं तुला माहीत आहे. मी पाठवलेली पत्रं तू लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवायचीस, मेली.

बघ, लिहून गेले. आयुष्यभर तुला लाडानं 'मेली' म्हटलं, आणि आता तो शब्द हातातून निसटला तर पेन थांबलं. पण खोडत नाही. तुझ्यासाठी दुसरा शब्द मी कुठून आणू?

मी तुमच्या घरात आले तेव्हा तू दहा वर्षांची होतीस आणि मी अठराची. मी म्हणजे कोण, तर गोंदिया शहरची मुलगी. मॅट्रिक नापास, पण शहरची. आमच्या घरासमोरून डांबरी रस्ता जायचा आणि मला सिनेमातली हिंदी यायची, एवढ्यावर माझी सगळी ऐट. बिरसीच्या अलीकडच्या तुमच्या गावात मी नायलॉनच्या साडीत बैलबंडीतून उतरले तेव्हा मला खरोखर वाटलं होतं, की आता या गावाचे दिवस फिरले. ती पोरगी आज रस्त्यात भेटली तर मी तिचा कान पिरगाळीन आणि वर दोन शब्द सुनावीन.

पहिल्याच दिवशी तुझं नाव ऐकून मी पदराआड हसले. "पुस्तकला? मंग धाकटीचं नाव काय, पाटीकला?" धाकटी नव्हतीच. नाव मामंजींनी ठेवलं होतं, ज्यांना स्वतःची सही येत नव्हती. शाळेच्या दाखल्यावर अंगठा लावून ते मास्तरांना म्हणाले होते म्हणे, "मले पुस्तक वाचता येत नाही, तं निदान हाक तं मारता येईन."

मामंजींचे पाय मी दुसऱ्या दिवशी पाहिले. ते अंगणातून विहिरीकडं निघाले होते. हातात काठी, गुडघे ताठ, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, आणि प्रत्येक पावलाला एक पाय दुसऱ्यासमोर आडवा यायचा, कात्रीच्या पात्यांसारखा. दुखत काही नव्हतं. हात दणकट, डोकं तल्लख, बैलाची किंमत लांबून सांगायचे. फक्त पाय त्यांचं ऐकत नव्हते. गावात सगळे एकच सांगायचे, "लाखोरीनं धरलं."

हे लिहिलेलं कोणी पुण्याकडच्या माणसानं वाचलं तर त्याला सांगायला हवं. पुस्तकात जिला लाख किंवा लाखोळी म्हणतात ती आमची लाखोरी. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी वेढलेल्या धानाच्या तुकड्यात, हिचे दाणे फेकून द्यायचे. नांगर नको, खत नको. धान निघालं की ही आपली वर येते, पाऊस गेला तरी तग धरते. मामंजी जवानीत दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते, तेव्हा दोन सालं अशी आली की गावात दुसरं काही पिकलंच नाही. मग भाकरही लाखोरीची आणि भाकरीसोबत खायला दारही लाखोरीची. महिनेच्या महिने. आणि हो, 'दार' म्हणजे डाळ. आमच्या झाडीपट्टीत 'ळ' बरेचदा जिभेवर टिकत नाही. डोळ्याचा डोरा होतो, शाळेची शारा होते, डाळीची दार होते. या एका अक्षरानं पुढं तुझ्या विज्ञानाचे काय हाल केले ते सांगतेच.

तर तू माझ्याजवळ आलीस. तेल न लावलेले केस, नाकाशी शेंबूड, आणि डोळे हे असे. म्हणालीस, "वयनी, तू गोंदियाची शिकेल हायेस. बाबाचे पाय कायले अकडले, सांग नं."

मला माहीत नव्हतं. पण 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तेव्हा मला येत नव्हते. मी म्हटलं, "थंडी बसली असन हाडात. करंजाचं तेल चोळत जाय रोज."

तू चोळलंस. पूर्ण हिवाळा, शाळेतून आल्यावर, रोज. मामंजी ओट्यावर पाय पसरून बसायचे आणि तू दोन्ही हातांनी घोट्यापासून वर चोळायचीस. सगळं घर करंजाच्या वासानं कडू झालं होतं. होळीला तू माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "वयनी, तू खोटी बोलली. तुले मालूमच नव्हतं."

बाई गं, तुझ्या सगळ्या संशोधनात पहिला चुकीचा सिद्धांत माझा होता. हे कुठल्याच पेपरात आलं नाही. पण मी आता त्याचाही मान घेते. मी खरं बोलले असते तर कदाचित तू तिथंच थांबली असतीस.

तू थांबली नाहीस. गोंदियात कॉलेज केलंस, मग नागपूर. गावातली पहिली पोट्टी. लोक तुझ्या आईला विचारायचे, "पोट्टीचं लगन करून नाही राहिले का?" आणि आई माझ्याकडं बघायची, जणू मीच तुला फितवलं. मी कुठली फितवते? मी तर आतून जळत होते. मला मॅट्रिक पुन्हा द्यायची होती, पण कडेवर पोर आणि पोटात दुसरं. रागानं मी तुझ्या पत्रांतले इंग्रजी शब्द मुद्दाम चुकीचे वाचून दाखवायचे.

एकदा मात्र मुद्दाम नव्हतं. गावात फोन नवा होता, किराणा दुकानातला, आणि सगळा गाव कान लावून असायचा. तू नागपूरहून ओरडून सांगत होतीस की तुझं काम ग्लुटामेट रिसेप्टरवर चाललं आहे. मला ऐकू आलं ते एवढंच. मी फोन ठेवला आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐटीत सांगितलं, "आमची पुस्तकला रिसेप्शनवर लागली. गुलटमाटर नावाच्या हाटेलात." संध्याकाळपर्यंत पार शेजारच्या गावात बातमी. तुझी आई दोन दिवस जेवली नाही. एवढी शिकवली आणि पोट्टी हॉटेलात चाब्या देऊन राहिली!

तू दिवाळीला आलीस तेव्हा हे ऐकून जमिनीवर लोळून हसलीस. मग डोळे पुसत म्हणालीस, "वयनी, तसं पाह्यलं तं तुहं फारसं चुकलं नाही. रिसेप्टर म्हणजे निरोप घेनाराच." आणि मग तू ओट्यावर मामंजींच्या पायाशी बसून ते सगळं सांगितलंस. मी सूप घेऊन तांदूळ पाखडत होते, ऐकत नाही असं दाखवत. शब्द न् शब्द माझ्या डोक्यात आहे.

"बाबा, डोस्क्यात बांध्याच बांध्या हायेत, समजा. एका बांधीले दुसरी चिकटून नाही, मधी बारीकशी फट. हिकडच्या बांधीतून निरोप्या निघते, त्याचं नाव ग्लुटामेट. फट वलांडून तो तिकडच्या दारावर थाप मारते. दार उघडते, पानी आत जाते, बांधी जागी होते. अन् दार लागून जाते. निरोप्याले शेजारचे उचलून नेते, नाही तं तो थाप मारतच राहीन."

"एकच दार?" मामंजींनी विचारलं.

"नाही नं. एक दार चटकन उघडनारं. दुसरं लय हुशार. त्याच्या तोंडात ढेकूळ बसून राहते, मॅग्नेशियमचं. नुसती थाप मारली तं ते हालत नाही. आधीच्या दारानं पानी येऊन बांधी भरत आली, आतून जोर लागला, की ते ढेकूळ बाहेर सरकते. बाहेरून थाप अन् आतून जोर, दोन्ही एकाच वक्ती पाहिजे. मंग त्या दारातून कॅल्शियम आत येते अन् बांधीले सांगते, ही वाट कामाची हाये, इथं आखीन दारं बसवा. कोठीत दारं ठेवलेलीच असते. ते आनून धुऱ्यावर बसवते. जी वाट कोनी चालत नाही तिथली दारं काढून परत कोठीत नेऊन ठेवते."

आणि मग तिसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरचं सांगितलंस. म्हणे तो स्वतः दार उघडतच नाही. थाप ऐकून आत जातो आणि चार जणांना कामाला लावतो, म्हणून सगळं सावकाश होतं. "आईसारखा," तू हळूच म्हणालीस. आईनं चुलीपासून ऐकलंच.

मामंजींनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे म्या तुही याद काढली का माह्या डोस्क्यात दार बसते?"

"बसते बाबा."

"मंग तुह्या नावाची लय झाली असतीन."

तू खाली मान घालून त्यांच्या पायावरची धूळ झटकत राहिलीस. तिथं धूळ नव्हती.

त्यानंतर तू लाखोरीवर आलीस. तिच्यात एक विष आहे, ते दिसायला जवळजवळ ग्लुटामेटसारखं. चटकन उघडणाऱ्या त्या पहिल्या दाराला दोघांतला फरक कळत नाही. हा तोतया थाप मारतो, दार उघडतं, आणि तो हटत नाही. दारं उघडी राहतात, पेशीत नको तेवढं घुसत जातं, आणि महिनोन् महिने हेच चाललं तर पायाला हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. फार पाणी साचलं की धान कुजतं, तशा. तू हे सांगत होतीस आणि तुझ्या तोंडून निघालं, "लाखोरीच्या दारीनं मेंदूतली दारं उघडी राहते."

चुलीपासून आई कडाडली, "दार उघडी राह्यली तं माश्या बसतीनच! झाकाले काय धाड भरली होती?"

मामंजी एवढे हसले की काठी पडली. पुढं कित्येक वर्षं आपल्या घरात डाळीच्या भांड्यावर ताट ठेवताना कोणी ना कोणी म्हणायचं, "दार लाव वो, मेंदूत माश्या जातीन." तुला राग यायचा. मला वाटतं, थोडा गर्वही वाटत असावा. कोणत्या शास्त्रज्ञाचा शोध असा रोज दोन वेळा चुलीशी बोलला जातो?

आता जे लिहायचं आहे ते मी टाळत होते.

तुला डॉक्टरेट मिळाली तेव्हा गावानं तुला शाळेत बोलावून शाल दिली. घरी बाया जमल्या होत्या. तू मधोमध खाटेवर, मी मागं मोरीशी, कढया घासत. माझ्या हाताला राख, तुझ्या खांद्यावर शाल. कोणी तरी म्हणालं, "काय हुशार पोट्टी हाये बाप्पा!" आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हुशार असन. पन एवढं शिकून मामंजीचे पाय तं सरळ झाले नाही."

मामंजी तिथंच होते. तू उठलीस, चप्पल न घालता बांधीकडं गेलीस. दिवस मावळायच्या आत परत आलीस, माझ्या हातची भाजीभाकर खाल्लीस, भाजी चांगली झाली म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलीस. मी माफी मागितली नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, आणि त्यानंतर इतकी वर्षं सरकली की मागायची लाज वाटू लागली. मला कायम वाटत राहिलं, तू विसरली असशील. तूच शिकवलं होतंस ना, न चाललेल्या वाटेची दारं काढून नेतात.

मामंजी पुढं चार वर्षांनी गेले. तुझ्या भावानं त्या दिवशी सांगून टाकलं, या घरात लाखोरी येणार नाही. दाणासुद्धा नाही. आणि तिथून तुमचा दोघांचा वाद सुरू झाला, जो परवापर्यंत मिटला नाही.

कारण तू लाखोरीच्या बाजूनं होतीस! ज्या डाळीनं तुझ्या बापाचे पाय नेले तिच्या बाजूनं. तू म्हणायचीस, "दादा, नुसती तिच्यावर महिनोन् महिने पोट भरू नका, एवढंच. ते विष पान्यात उतरते. भरपूर गरम पान्यात भिजवा, ते पानी फेका. पुन्हा उकळा, पुन्हा फेका. तूर, मूग मिसळा. समदं विष जात नाही, पन बरंच जाते. जे पीक पानी नसतानाही येते त्याले घरातून हाकलून गरिबानं खावं काय?"

आणि तो म्हणायचा, "तुह्या पुस्तकात असन. माह्या घरात नाही."

दर दिवाळीला हेच. शब्दही तेच. आम्ही शेती बटाईनं देऊन गोंदियाजवळ फुलचूरला आलो, तू निवृत्त होऊन आमच्या शेजारी दोन खोल्या बांधल्यास, तरी तेच. तुला तर लाखोरीचे वडे जिवापाड आवडायचे. सुट्टीत तू दरेकशाच्या डोंगरातल्या गावांपर्यंत जायचीस, बायांच्या चुलीशी बसून डाळीचं पाणी कसं फेकायचं ते दाखवायचीस, आणि परत यायचीस तेव्हा तुझ्या तोंडाला लसूण-लाखोरीचा वास यायचा. मी ओळखायचे. भावाला सांगितलं नाही. तेवढी चांगली वयनी मी होते, हे तरी लिहून ठेवू दे.

लोक हसायचे तुला. "प्रोफेसरीन बाई अन् पानी फेकाले शिकवते." मीही हसले आहे. नागपूरची प्रयोगशाळा आणि तिथली महागडी यंत्रं सोडून ही उन्हातान्हात चुली फुंकत काऊन फिरते, मला कळत नव्हतं.

मग त्या सकाळी तू चहाचा कप उचललास आणि तो तुझ्या हातातून सुटला. तोंड एका बाजूला गेलं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन समजावू लागला, लहान मुलांना सांगतात तसं. "आजी, डोक्यातली नस बंद झाली आहे. पेशींना खूप नुकसान होतं."

मी म्हटलं, "रक्त थांबलं की ग्लुटामेट उचलून नेणाऱ्यांचाही जोर संपतो. ते साचतं. दारं उघडी राहतात. मग कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी मरतात. असंच ना?"

तो पाहतच राहिला. "आजी, तुम्ही टीचर होत्या काय?"

"मी मॅट्रिक नापास आहे, बाळा. पण ही झोपली आहे ना, ही माझी नणंद आहे."

पुस्तकले, इतक्या ताठ मानेनं मी माझ्या लग्नातही उभी नव्हते. समोर तू मरत होतीस आणि मी आतून अशी फुलले होते. याची मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. तू तिसऱ्या दिवशी गेलीस.

तेरवीला पानावर माणसाच्या आवडीचं वाढायचं असतं. सगळ्यांनी विचारलं, पुस्तकलाला काय आवडायचं? कोणी पुरणपोळी म्हणालं, कोणी भरली वांगी. मी आदल्या दिवशी बाजारातून अर्धा किलो लाखोरी आणली आणि ओट्यावर ठेवली.

तुझ्या भावानं पुडी उघडून पाहिली. "हे काय हाये?"

"तिच्या आवडीचं."

"फेकून दे."

"नाही फेकत."

आमच्या संसारात मी त्याला 'नाही' म्हटल्याचे प्रसंग माझ्या एका हातावर मोजता येतील. तो खुर्चीत बसला. म्हातारा माणूस, श्वास वरखाली. "बाबाचे पाय गेले हिच्यानं. अन् तू तिच्या पानावर हेच वाढशीन?"

मग मी बोलले, बाई. आयुष्यात पहिल्यांदा तुझं सगळं मी बोलले, तोतया, थाप, ढेकूळ, कोठीतली दारं, सगळं. मध्ये चुकले, पुन्हा मागून सुरू केलं. दोष एकट्या डाळीचा नाही, तिच्याशिवाय ताटात काही नव्हतं याचा आहे, हेही सांगितलं. तो ऐकत होता. आणि बोलता बोलता जे सांगायचं नव्हतं तेही निघून गेलं. मी म्हटलं, "तुमी तिले इतके वर्षं नाही म्हनत राह्यले, पन तिचं मन तुमी नाही तोडलं. म्या तोडलं. शालीच्या दिवशी. मामंजीसमोर."

तुझा भाऊ म्हणाला, "मले मालूम हाये. मी ओसरीवरच होतो."

मी वळून त्याच्याकडं पाहिलं.

"त्या दिशी तिच्या मांगं मीच गेल्तो बांधीवर. म्हटलं, वयनीचं मनावर घेऊ नको. तं म्हने, दादा, वयनी बरोबर बोलली. बाबाचे पाय मले सरळ करता येत नाही, कोनालेच येत नाही. मेलेल्या पेशी वापस येत नाही. पन दुसऱ्याच्या बाबाचे तं वाचवता येते. अन् त्यासाठी यंत्र नाही लागत, पानी लागते. दुसऱ्या सालापासून फिराले लागली गावोगाव."

"हे तुमी मले कधी सांगतलं नाही."

"तुवा कधी विचारलं?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, की माझं ते वाक्य तू विसरावंस. आणि तू ते घेऊन डोंगरापर्यंत चालत गेली होतीस. मी तुझी माफी मागायला हवी होती, आणि तू माझे आभार मानून बसली होतीस, आणि दोघींनीही एकमेकींना काही सांगितलं नाही. हुशार म्हणे! दोघीही बावळट.

मग तो उठला. गंज, म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं, काढला, त्यात पाणी मोजून नाही, ओतून घेतलं, आणि गॅस पेटवला. लाखोरी भिजली, उकळली. गरम गंज मी उचलायला गेले तर मला सरकवून त्यानंच फडक्यानं धरला आणि मोरीत पाणी ओतलं. पिवळसर पाणी, वाफ. त्यानं ते शेवटच्या थेंबापर्यंत जाताना पाहिलं. पुन्हा नवं पाणी. पुन्हा. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "बस, झालं." तर म्हणाला, "तू गप राय. आखीन एक डाव."

तेरवीच्या पंगतीत वड्यांचा वास गेला आणि कुजबुज सुरू झालीच. शेजारच्या काकूंनी तोंडावर पदर घेऊन विचारलं, "लाखोरी हाये काय वो? तेरवीच्या पानावर?"

मी उत्तर द्यायच्या आत तुझा भाऊ उठून उभा राहिला. गुडघे धरून, हळूहळू. "लाखोरीच हाये. चार पान्यातून काढली हाये, म्या सोता. मूग मिसळला हाये. माह्या बहिनीनं पुरी जिंदगी हेच शिकवलं, दरेकशापर्यंत पायी जाऊन. ज्याले खायचं त्यानं खा, ज्याले नाही खायचं त्यानं वांगी खा." आणि खाली बसून त्यानं पहिला वडा तोडला.

बाया आधी त्याच्याकडं पाहत राहिल्या, मग आपापल्या पानाकडं. काकूंनी दोन मागून घेतले.

मीही खाल्ला, पुस्तकले. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. चांगला लागतो. तू सांगत होतीस ते खरं होतं, आणि हे मी तुझ्या तोंडावर कबूल केलं असतं तर तू किती दिवस मिरवली असतीस ते मला ठाऊक आहे.

काल सकाळी मी आमच्या खिडकीशी उभी होते. तुझा भाऊ अंगणात आला. इकडं तिकडं पाहिलं, कोणी नाही अशी खात्री करून घेतली, चपला काढल्या आणि काठी भिंतीला टेकवली. मग तुळशीपासून फाटकापर्यंत चालत गेला आणि परत आला, खाली पाहत, एकेक पाऊल टाकून. एका जेवणानं काही होत नाही, हे मी त्याला दहादा सांगितलं आहे. तरी त्यानं तीन फेऱ्या मारल्या. टाचा टेकत होत्या. पाय सरळ पडत होते.